परदेश सहलीच्या बिलातला टीसीएस: कोणाच्या नावावर भरायचा आणि परत कसा मिळवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते नोकरदार आहेत, पगारातून महिन्याला साधारण नऊ हजार रुपये टीडीएस कापला जातो. ते पत्नी, निवृत्त वडील आणि दहा वर्षांचा मुलगा यांच्यासह युरोपची सहल बुक करत आहेत. माणशी सव्वादोन लाख, म्हणजे चौघांचे नऊ लाख. टूर कंपनीने त्यावर जीएसटी आणि वर 'टीसीएस' लावला आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, "हा सरकारी कर आहे, भरल्याशिवाय तिकिटे निघणार नाहीत. चौघांच्या पॅनवर वेगवेगळा टाकू, फायद्याचे पडते." प्रश्नकर्त्यांना जाणून घ्यायचे आहे की हा प्रवास कर नक्की कसला, तो परत मिळतो का, चौघांच्या पॅनवर टाकावा का, आणि तिकीट-हॉटेल स्वतःच घेतले तर तो टळतो का.

मी कर सल्लागार आहे. मार्च ते मे या काळात माझ्या टेबलावर या बिलांचा ढीग असतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, भारतातून बाहेर जाताना विमानतळावर भरायचा असा वेगळा प्रवास कर आज नाही. पूर्वी होता. १९७९ साली परदेश प्रवास कर लागू झाला होता. शेवटी शेवटी तो माणशी ५०० रुपये आणि शेजारच्या देशांसाठी १५० रुपये असा होता. जानेवारी २००४ मध्ये तो रद्द झाला. तुमच्या वडिलांना 'परदेशी जाताना सरकारला कर द्यावा लागतो' असे आठवत असेल तर ते त्या काळचे. आजच्या तिकिटात विमानतळ वापराचे आणि सुरक्षेचे शुल्क असते, जीएसटी असतो, आणि हे सगळे तिकिटाच्या किमतीतच येते. वेगळ्या खिडकीवर जाऊन काही भरायचे नसते.

तुमच्याकडे मागितला आहे तो टीसीएस. विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारजमा करायचा आयकर. परदेश सहलीच्या पॅकेजवर तो १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाला. तेव्हा दर होता सरसकट ५ टक्के. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के झाला. १ एप्रिल २०२५ पासून ती सात लाखांची पायरी दहा लाखांवर नेली. आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने या पायऱ्याच काढून टाकल्या: १ एप्रिल २०२६ पासून रक्कम कितीही असो, २ टक्के.

तुमच्याच आकड्यांवर बघा. नऊ लाखांवर ५ टक्के जीएसटी ४५,०००, एकूण ९,४५,०००. बहुतेक कंपन्या टीसीएस जीएसटीसह रकमेवर काढतात, म्हणून २ टक्क्यांनी १८,९०० रुपये. हेच बिल २०२४ मध्ये एकट्या तुमच्या नावावर फाटले असते तर सात लाखांवर ३५,००० आणि वरच्या २,४५,००० वर ४९,०००, असे ८४,००० रुपये आधी काढून द्यावे लागले असते. 'चौघांच्या पॅनवर टाकू' ही सूचना त्या काळातली आहे. तेव्हा ती खरोखर उपयोगाची होती, कारण प्रत्येक पॅनला स्वतंत्र सात लाखांची मर्यादा मिळायची आणि २० टक्क्यांचा फटका टळायचा. आता दर एकच आहे. चार जणांत वाटा किंवा एकावर टाका, बेरीज १८,९०० च येते. टूर कंपन्यांच्या काउंटरवर जुनी सवय अजून चालू आहे, एवढेच.

आता बिलात या दोन ओळी शेजारी शेजारी असतात आणि लोक दोन्हींना 'सरकारने घेतलेले' म्हणून एकाच खात्यात मांडतात. तसे करू नका. जीएसटी खर्च आहे. सहलीचे ४५,००० गेले ते गेले, तुमच्यासारख्या नोकरदाराला ते कुठूनही परत नाहीत. टीसीएस मात्र खर्च नाही. तो तुमच्या नावावर, तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ आयकर आहे. वर्षअखेर जो आयकर तुम्हाला भरायचाच आहे त्यातून तो वजा होतो, आणि कर कमी निघाला तर उरलेला परत मिळतो. पगारातून कापला जाणारा टीडीएस जसा तुमचा, तसाच हा. सरकारचा हेतू दुहेरी आहे: परदेशात मोठा खर्च करणारा माणूस रिटर्न भरतो का ते दिसावे, आणि पैसे थोडे आधी हातात यावेत. या हेतूबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण २ टक्क्यांवर आल्यापासून भांडण्यासारखे काही राहिलेले नाही.

म्हणजे किती टक्के हा प्रश्न आता गौण आहे. कोणाच्या पॅनवर, हा खरा प्रश्न आहे, आणि बिल फाटण्याआधी तोच ठरवायला हवा. एकदा कंपनीने टीसीएस कोणाकडून घेतला याचे विवरण सरकारकडे भरले की नाव बदलून घेण्यासाठी त्यांच्या मागे लागावे लागते आणि ते काम त्यांच्या यादीत नेहमी शेवटी असते.

तुमच्या घरातला हिशोब मांडू. चौघांत वाटले तर प्रत्येकी ४,७२५ रुपये. तुमचे ४,७२५ तुमच्या करातून लगेच वळते होतील. पत्नीचे काय? तुम्ही लिहिले आहे की त्या घरी शिकवण्या घेतात आणि वर्षाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे. त्यांना कर शून्य. म्हणजे ४,७२५ परत मिळवण्यासाठी त्यांना रिटर्न भरावे लागेल. शिवाय स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांपेक्षा जास्त खर्च करणाऱ्याला उत्पन्न करपात्र नसले तरी रिटर्न भरणे बंधनकारक आहे. त्यांच्या नावावर २,३६,२५० चे बिल फाटले की त्या या नियमात सापडतात. आणि दोन लाख उत्पन्न असलेल्या व्यक्तीच्या पॅनवर सव्वादोन लाखांहून अधिक परदेश प्रवास दिसला की 'पैसे कुठून आले' हे विचारणारा ईमेल येऊ शकतो. उत्तर साधे आहे, नवऱ्याने दिले. त्यात बेकायदा काही नाही. पण जो प्रश्न उद्भवायलाच नको होता त्याला उत्तर देत कशाला बसायचे?

वडिलांचे तेच, किंबहुना जास्त. निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज मिळून त्यांना कर लागत नाही आणि त्यांनी गेली काही वर्षे रिटर्न भरलेले नाही. त्यांच्या पॅनवर टीसीएस टाकला की त्यांच्यासाठी नव्याने लॉगइन काढा, बँक खाते पोर्टलवर पडताळून घ्या, पॅन आधारशी जोडलेला आहे का बघा. बँकेत 'माझा टीडीएस कापू नका, मला कर लागत नाही' असा अर्ज त्यांनी दिला असेल तर त्याच्या शेजारीच मोठा परदेश खर्च दिसेल. सगळे समजावता येते. माझा अनुभव मात्र असा की ज्येष्ठांच्या नावावर पडलेला दोन-पाच हजारांचा टीसीएस बहुतेक घरांत कोणी मागतच नाही. तो तसाच राहतो.

मुलाचा पॅन काढून त्याच्यावर टीसीएस घेऊ नका. अल्पवयीनाच्या टीसीएसचे श्रेय (म्हणजे करातून वजावट) पालकाला देण्याची सोय २०२५ पासून झाली आहे, पण ती मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते अशा प्रकरणांसाठी. तुमच्या मुलाला उत्पन्नच नाही.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: संपूर्ण पॅकेज तुमच्या नावावर घ्या, पैसे तुमच्या खात्यातून द्या, पॅन एकच, तुमचा. सोबतचे तिघे प्रवासी म्हणून बिलात दिसतील, खरेदीदार तुम्ही. खर्च कोणी केला, कोणाच्या खात्यातून गेला आणि कर कोणाच्या नावावर जमा झाला, या तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या झाल्या की पुढे कोणी काही विचारत नाही.

याला अपवाद आहे. पत्नीही कमावत्या असून कर भरत असतील आणि खर्च खरोखर दोघांनी वाटून केला असेल, तर दोघांच्या नावावर बिल करायला काहीच हरकत नाही. मित्रांच्या गटाने सहल काढली असेल तर मात्र प्रत्येकाने स्वतःच्या पॅनवरच घ्यावे. एकाने सगळ्यांचे भरून नंतर हिशोब करायचा, असे केले की टीसीएसचे श्रेय एकाला आणि पैसे सगळ्यांचे, आणि मग दिवाळीपर्यंत त्या ग्रुपवर दुसरा विषय नसतो.

पॅन देतानाच एक खात्री करा. तो आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेला असेल, किंवा पॅन दिलाच नाही, तर टीसीएसचा दर वाढतो. कंपनीच्या फॉर्मवर पॅनचे अक्षर चुकले तरी पैसे भलत्याच माणसाच्या नावावर जातात. बिल हातात आले की प्रथम ते दहा अक्षर-अंक वाचा, सहलीचा कार्यक्रम नंतर.

परत मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. त्यातला पहिला बहुतेक नोकरदारांना माहीतच नसतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून पगारदाराला आपला टीसीएस कंपनीला कळवता येतो आणि कंपनी पुढच्या पगारातून कापायचा टीडीएस तेवढ्याने कमी करू शकते. तुमचा महिन्याचा टीडीएस नऊ हजारांच्या आसपास आहे. १८,९०० चा टीसीएस तुम्ही पगार विभागाला कळवलात, तर साधारण दोन महिन्यांच्या कापणीइतकी रक्कम पुढच्या पगारांतच सुटते. रिफंडची वाट बघायची गरज नाही. पगार विभागाला टूर कंपनीचे नाव, त्यांचा टॅन (कर गोळा करणाऱ्याचा ओळख) क्रमांक, रक्कम आणि टीसीएसची पावती लागेल. काही पगार विभाग 'आमच्या सिस्टीममध्ये हा रकाना नाही' म्हणून हात वर करतात. त्यांना ईमेलवर मागणी करा, तोंडी नको.

दुसरा मार्ग नेहमीचा, रिटर्नमध्ये मागणे. टीसीएस ज्या आर्थिक वर्षात गोळा झाला त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये तो मागायचा, सहल कधी झाली याचा संबंध नाही. रिटर्न वेळेत भरले तर रिफंडवर दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. मात्र रिफंड त्या वर्षाच्या एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नाही, आणि मिळालेले व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचे.

इथे एक मोठा गट हमखास पैसे सोडून देतो. नव्या कर प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर शून्य होतो. अशा लोकांना वाटते, कर नाही म्हणजे रिटर्न नाही. पण त्यांनी सहलीत भरलेला टीसीएस पूर्णच्या पूर्ण परत मिळण्याजोगा असतो, आणि तो फक्त रिटर्न भरणाऱ्यालाच मिळतो. सरकार आपणहून पाठवत नाही.

रिटर्नच्या आधी तुमच्या २६एएस आणि एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरची, तुमच्या नावावर जमा कर आणि मोठे व्यवहार दाखवणारी पत्रके) ती रक्कम दिसते का ते बघा. घाईने बघू नका. टूर कंपनी टीसीएस पुढच्या महिन्यात सरकारजमा करते, पण तुमच्या नावाची नोंद तिमाही विवरण भरल्यावरच उमटते. एप्रिल ते जूनचे विवरण १५ जुलैपर्यंत, जुलै ते सप्टेंबरचे १५ ऑक्टोबरपर्यंत, पुढचे १५ जानेवारी आणि जानेवारी-मार्चचे १५ मेपर्यंत. तुम्ही मेमध्ये पैसे दिलेत आणि जूनमध्ये नोंद दिसली नाही म्हणून कंपनीवर ओरडण्यात अर्थ नाही. जुलैअखेर दिसली नाही तर मात्र जरूर ओरडा. लहान कंपन्या विवरण भरायला उशीर करतात, आणि नोंद नसेल तर रिटर्नमध्ये मागितलेले श्रेय अडकते. म्हणून शेवटचा हप्ता देतानाच टीसीएसचे प्रमाणपत्र कधी मिळेल हे लेखी घ्या. या प्रमाणपत्राला आमच्याकडे २७डी म्हणण्याचीच सवय आहे.

'रोख द्या, टीसीएस नको' असे सांगणारा एजंट भेटला तर तिथून उठा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे त्याला कायद्याने मना आहे. जो परत मिळणारा कर आहे तो वाचवण्यासाठी बिनपावतीचे पैसे देऊन, ऐनवेळी हॉटेलचे बुकिंगच नाही असे निघाले तर दाद मागायला कागद नाही. आणि 'टीसीएस आमच्यातर्फे' अशी जाहिरात असेल तर ती एक प्रकारची सूट समजा, फक्त बिलात टीसीएसची ओळ तुमच्या पॅनसह आहे ना ते बघा.

आता स्वतः बुकिंग करण्याचे. केवळ विमानाचे तिकीट घेतले, किंवा केवळ हॉटेल घेतले, तर ते पॅकेज होत नाही आणि पॅकेजचा टीसीएस लागत नाही. आयकर विभागाने जून २०२३ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे: आंतरराष्ट्रीय तिकीट, हॉटेलचा मुक्काम, आणि तशाच स्वरूपाचा इतर खर्च, यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तर पॅकेज. त्यामुळे भारतीय संकेतस्थळावर 'विमान अधिक हॉटेल' असा जोड घेतलात तर टीसीएस आलाच. नेपाळ-भूतानही भारताबाहेरच आहेत, तिथल्या पॅकेजला सूट नाही.

पण फक्त टीसीएस टाळण्यासाठी दहा ठिकाणी बुकिंग करण्याची धडपड मला आता पटत नाही. परत मिळणाऱ्या अठरा हजारांसाठी वृद्ध वडिलांना घेऊन पाच शहरांत आपली आपण व्यवस्था लावायची का, हा प्रश्न कराचा नाही. तुम्हाला तसे फिरायला आवडत असेल तर खुशाल करा.

स्वतः फिरणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूवर लक्ष ठेवावे. बँकेतून घेतलेले परकीय चलन, फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचे कार्ड), परदेशी पाठवलेले पैसे, हे सगळे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजले जाते. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर ही तिची मर्यादा. त्यात दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, आणि प्रवासासारख्या कारणासाठी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के आहे. चौघांच्या सहलीच्या हातखर्चाने कोणी तिथे पोचत नाही. पण त्याच वर्षात त्याच पॅनवरून मुलीच्या अमेरिकेतल्या फीचे पैसे गेले असतील किंवा परदेशी शेअर घेतले असतील, तर ते दहा लाख आधीच संपलेले असतात, आणि मग फॉरेक्स कार्डवर टाकलेल्या दोन लाखांवर चाळीस हजार कापले जातात. अशा घरात हातखर्चाचे चलन दुसऱ्या कमावत्या सदस्याच्या नावावर घ्यावे. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च या मोजणीत धरण्याचा नियम २०२३ मध्ये पुढे ढकलला गेला, म्हणून तो खर्च यात येत नाही.

तुमच्या वडिलांनी विचारलेला 'टॅक्स क्लिअरन्स'चा मुद्दा. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर व्हॉट्सअॅपवर फिरत होते की देश सोडण्यापूर्वी प्रत्येकाला आयकर खात्याचा दाखला लागणार. खात्याने ऑगस्ट २०२४ मध्येच खुलासा केला: गंभीर आर्थिक गैरव्यवहारात गुंतलेले किंवा दहा लाखांपेक्षा जास्त प्रत्यक्ष कर थकवलेले आणि त्या वसुलीला स्थगिती नसलेले, अशा मोजक्यांनाच तो लागतो. निवृत्तिवेतनधारकाने त्याची चिंता करू नये.

ज्या देशात जाता तिथले कर वेगळे असतात, त्यांचा आपल्या टीसीएसशी संबंध नाही. जपानचा देश सोडतानाचा कर तिकिटातच येतो. भूतान भारतीयांकडून रात्रीला माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेते. बालीला १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपिया भरावे लागतात. आकडा ऐकून घाबरू नका, इंडोनेशियन रुपिया आहे. असे शुल्क निघण्यापूर्वी ऑनलाइन भरायचे असेल तर त्या सरकारच्याच संकेतस्थळावर भरा, शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी जाहिरात उघडून नको.

राहिले ते रद्द करण्याचे आणि हप्त्यांचे. टीसीएस प्रत्येक हप्त्यासोबत घेतला जातो. सहल मेमध्ये असेल आणि पहिला हप्ता फेब्रुवारीत, बाकीचे एप्रिलमध्ये दिले, तर टीसीएस दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो आणि दोन वेगळ्या रिटर्नमध्ये मागावा लागतो. सहल रद्द झाली आणि कंपनीने तोवर टीसीएस सरकारजमा केला असेल, तर बहुतेक कंपन्या पॅकेजचे पैसे आपल्या अटींप्रमाणे कापून परत देतात आणि टीसीएस 'रिटर्नमध्ये घ्या' म्हणतात. हे ऐकून लोक चिडतात, पण पैसे तुमच्या पॅनवर जमा असतील तर ते खरेच मागता येतात. तुम्ही एवढेच करा: रद्द केल्याचे पत्र, परत आलेल्या रकमेची बँक नोंद आणि टीसीएसचे प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा, कारण एआयएसमध्ये नऊ लाखांचा परदेश प्रवास दिसत राहील आणि तो झालाच नाही हे दाखवायची वेळ आली तर हीच तीन कागदपत्रे लागतील.